परदेशात पाकीट गेलं तर?

व्हिसा मिळतो, तिकीट येतं, चिवड्याचे डबेही भरले जातात. पण परक्या गावात हाताशी पैसे कसे येतील, याचा विचार बहुतेक घरांत विमानतळावर पोहोचेपर्यंत होत नाही.

समजा, शनिवारची संध्याकाळ आहे. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर साठीच्या आसपासचं एक मराठी जोडपं उभं आहे. यजमानांनी कमरेचा पट्टा चाचपून पाहिला, दुसऱ्यांदा पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला. पट्ट्याची चेन उघडी होती. आतलं पाकीट नाही. त्या पाकिटात सातशे युरो, बँकेचं डेबिट कार्ड, क्रेडिट कार्ड आणि खास प्रवासासाठी घेतलेलं फॉरेक्स कार्ड, असं सगळं होतं. मोबाइलही त्याच पट्ट्यात होता. बाईंच्या पर्समध्ये काय आहे? हॉटेलची किल्ली, रक्तदाबाच्या गोळ्या, खडीसाखरेची पुडी आणि दोन युरोंचं एक नाणं.

आता या जोडप्याकडे पैसे नाहीत असं थोडंच आहे? पुण्याच्या बँकेत निवृत्तीची रक्कम आहे, मुदत ठेवी आहेत. हाताशी मात्र दोन युरो. आणि पुण्यात या वेळी रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, उद्या रविवार.

अशी वेळ प्रत्येकावर येते असं नाही. पण ज्याच्यावर येते, त्याला तेव्हा कळतं की पैसा असणं वेगळं आणि हवा तिथे, हव्या त्या क्षणी तो हातात येणं वेगळं. परदेशात रोख हाती येण्याचे रस्ते आज पुष्कळ आहेत. अडचण एवढीच, की त्यातले बहुतेक रस्ते घरी बसूनच मोकळे करून ठेवावे लागतात.

एक काळ असा होता की निवडीचा प्रश्नच नव्हता. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी निघालेल्या माणसाच्या हाती सरकार मोजून आठ डॉलर ठेवत असे. त्या पिढीतल्या कितीतरी डॉक्टर-इंजिनिअरांच्या आठवणींत हे आठ डॉलर हमखास येतात. परकीय चलनाचा जुना, कडक ‘फेरा’ कायदा जाऊन २००० सालच्या जूनपासून ‘फेमा’ लागू झाला. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने उदारीकृत योजना आणली. तिची सुरुवातीची मर्यादा वर्षाला २५ हजार डॉलर होती. २०१५ पासून ती अडीच लाख डॉलर आहे. सामान्य कुटुंबाच्या सहलीला ही मर्यादा आडवी येत नाही. आडवी येते ती दुसरीच गोष्ट, ती म्हणजे नोटांची मर्यादा.

रोख किती न्यावी?

बहुतेक देशांना जाताना एका प्रवाशाला एका वेळी तीन हजार डॉलर किंवा तेवढ्या किमतीचं दुसरं चलन नोटांच्या रूपात मिळतं. बाकीची रक्कम कार्डावर घ्यावी लागते. इराक आणि लिबियासाठी ही मर्यादा पाच हजार आहे. इराण, रशिया अशा काही देशांसाठी आणि हज-उमरा यात्रेकरूंसाठी सगळी रक्कम नोटांतच घेण्याची सवलत आहे. ज्या देशात आपली कार्डं चालतच नाहीत, तिथे दुसरं करणार काय? रशियात मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्ही कंपन्यांनी व्यवहार थांबवले, आणि बाहेरच्या देशांची कार्डं तिथल्या यंत्रांत निरुपयोगी झाली.

चलन घ्यायचं ते बँकेतून किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरकडून. प्रवासाच्या आधी साठ दिवसांपर्यंत ते घेता येतं. पन्नास हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचं चलन घेतलं तर पैसे रोखीने देता येत नाहीत. चेक किंवा कार्डच लागतं. पावती मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. ‘ओळखीतला एक जण जरा बऱ्या दराने देतो’ अशा माणसाच्या वाटेला जाऊ नये. दोन-चारशे रुपये वाचतात आणि बनावट नोट निघाली तर तक्रार कुणाकडे करायची, हा प्रश्न उरतो. विमानतळावरच्या खिडकीवर दर बहुधा सर्वात वाईट असतो, कारण तिथे येणारा गिऱ्हाईक घाईत असतो आणि त्याला दुसरीकडे जाता येत नाही, हे त्या खिडकीला पक्कं ठाऊक असतं.

नोटा कोणत्या घ्याव्यात? आपल्याकडे काउंटरवरून शंभर डॉलरच्या नोटांची कोरी चळत हातात पडते आणि माणूस खूश होतो. पण विमानतळावरून हॉटेलपर्यंत जाताना, हमालाला, स्वच्छतागृहाच्या दारातल्या यंत्राला शंभराची नोट काय कामाची? युरोपात पुष्कळ स्टेशनांवर स्वच्छतागृहासाठी अर्धा ते एक युरो मोजावा लागतो, तोही नाण्यात. वयस्क माणसांबरोबर फिरणाऱ्याला या नाण्याचं मोल सांगायला नको! म्हणून पाच, दहा, वीसच्या नोटा आग्रहाने मागून घ्याव्यात. नोट फाटलेली, लिहिलेली, फार जुनी नसावी. अमेरिकन सरकारच्या लेखी जुनी डॉलरची नोट बाद होत नाही, पण आशिया-आफ्रिकेतल्या कित्येक गावांत चेंजर ती परत सरकवतो. पाचशे युरोची नोट कुणी देऊ केली तर नकोच म्हणावं. ती आजही कायदेशीर चलन आहे, पण २०१९ पासून ती नव्याने काढली जात नाही आणि दुकानदार तिच्याकडे संशयाने पाहतात.

प्रत्येक देशाची रोखीबद्दलची वृत्तीही वेगळी. स्वीडनमध्ये दुकानाच्या दारावर ‘रोख घेत नाही’ अशी पाटी दिसते. लंडनच्या बसमध्ये २०१४ सालच्या जुलैपासून नाणी-नोटा चालत नाहीत. उलट जर्मनीत छोट्या खाणावळीत जेवून उठल्यावर कार्ड पुढे केलं तर मालक मान हलवतो. म्हणजे खिशात दोन्ही हवं.

शेजारच्या नेपाळची गोष्ट निराळी. पशुपतिनाथाला, मुक्तिनाथाला जाणारे मराठी यात्रेकरू पुष्कळ. तिथे आपला रुपया चालतो. १९९३ पासून भारतीय शंभर रुपयांना नेपाळी एकशे साठ हा दर ठरलेला आहे. पण मोठ्या नोटांची खात्री नाही. २०१८ च्या डिसेंबरमध्ये नेपाळने शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली आणि यात्रेकरूंची तारांबळ उडाली. असे नियम येतात आणि बदलतात. शंभराच्या नोटा मात्र निर्धोक, आणि त्या कितीही नेता येतात. इतर देशांना जाताना आपल्या चलनातले पंचवीस हजार रुपयांपर्यंत सोबत नेता येतात. ते परतल्यावर टॅक्सीला उपयोगी पडतातच, शिवाय सिंगापूर, दुबई, बँकॉकमध्ये रुपया बदलून देणारे चेंजर सहज सापडतात.

आणि तिकडे जाऊन चलन बदलायची वेळ आली तर? ‘कमिशन नाही’ ही पाटी वाचून हुरळून जाऊ नये. कमिशन नसतं, ते दरात कालवलेलं असतं. विकण्याचा आणि घेण्याचा, असे दोन दर फलकावर असतात; त्यांच्यात जितकं अंतर जास्त, तितका तो दुकानदार महाग. पैसे देण्याआधी ‘माझ्या शंभराचे हातात किती पडतील?’ एवढा एकच प्रश्न विचारावा आणि आकडा कागदावर लिहून घ्यावा. प्राग शहरात पर्यटकांची इतकी लूट होत असे, की चेक सरकारला २०१९ मध्ये कायदाच करावा लागला. तिथे छोट्या रकमेचा चलनबदल पसंत पडला नाही तर तीन तासांच्या आत पावती दाखवून तो रद्द करता येतो. पावती दाखवून, हे महत्त्वाचं!

त्या दोन सह्यांचे चेक

घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारलं तर ते हमखास म्हणतील, ‘ट्रॅव्हलर्स चेक घे, चोरीला गेले तरी पैसे परत मिळतात.’ सल्ला प्रेमाचा आहे, पण काळ उलटला आहे.

रोकड बरोबर न नेता कागद न्यायचा, ही कल्पना आपल्याला नवी नव्हती. काशीला निघालेले यात्रेकरू चोराचिलटांच्या भयाने पेढीवर पैसे भरून हुंडी घेत आणि मुक्कामाच्या गावी ती वटवत. नरसी मेहतांनी द्वारकेच्या सावळ्या शेटजीवर लिहिलेल्या हुंडीची गोष्ट कीर्तनांतून घरोघर पोहोचली, ती या चालीमुळेच. पाश्चात्त्य देशांत श्रीमंत प्रवासी बँकेचं पतपत्र नेत. अमेरिकन एक्सप्रेस कंपनीचे अध्यक्ष जेम्स फार्गो युरोपात फिरायला गेले आणि मोठी शहरं सोडली तर त्या पतपत्राला कुणी विचारेना. परतल्यावर त्यांच्या तक्रारीवर मार्सेलस बेरी या त्यांच्या अधिकाऱ्याने १८९१ मध्ये तोड काढली. चेक घेताना एक सही, वटवताना समोरच दुसरी सही. दोन्ही जुळल्या की पैसे. इतकी साधी युक्ती, पण ती शंभर वर्षांहून जास्त टिकली.

कार्डं आली आणि चेक मागे पडले. दुकानदार ते घेईनात, बँका वटवायला कंटाळू लागल्या. अमेरिकन एक्सप्रेसने २०२० मध्ये नवे चेक देणं थांबवलं. जुन्या चेकना मुदत नसते, त्यामुळे आजोबांच्या कपाटात न वटवलेला एखादा सापडला तर तो फेकू नये. कंपनीकडे त्याचे पैसे मागता येतात. नव्या प्रवासासाठी मात्र त्यांच्यावर विसंबून चालणार नाही.

भिंतीतलं यंत्र

आज परदेशात रोख मिळवण्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे एटीएम. या यंत्राचं भारताशी एक गमतीदार नातं आहे. २७ जून १९६७ रोजी उत्तर लंडनमधल्या एनफील्ड इथे बार्कलेज बँकेच्या भिंतीत असं पहिलं यंत्र बसलं. ते ज्यांच्या कल्पनेतून आलं, ते जॉन शेफर्ड-बॅरन जन्मले होते आपल्या शिलाँगमध्ये! सुरुवातीला त्यात कार्ड नव्हतं. खास कागदी चेक घातला की दहा पौंड मिळत. गुप्त आकडा सहा अंकी ठेवायचा त्यांचा विचार होता, पण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांच्या पत्नीने सांगितलं, ‘माझ्या चारच लक्षात राहतील.’ तेव्हापासून चार अंकी पिन रूढ झाला. भारतात असं यंत्र यायला १९८७ साल उजाडलं. हाँगकाँग बँकेने ते मुंबईत बसवलं.

हे यंत्र परदेशात आपल्या कार्डाला पैसे देईल की नाही, हे बरंचसं घरी ठरतं. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवं कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त देशातच चालतं. परदेशातला वापर आपण स्वतः सुरू करावा लागतो. बँकेच्या मोबाइल अ‍ॅपवर किंवा शाखेत जाऊन. अनेकांना हे तिकडे गेल्यावर, यंत्राने कार्ड नाकारल्यावर कळतं. एटीएममधून काढणं, दुकानात वापरणं आणि इंटरनेटवर वापरणं, यांची बटणं वेगवेगळी असतात, आणि रोजची मर्यादाही तिथेच ठरवता येते. निघण्याआधी दहा मिनिटं काढून ती बघावीत. परतल्यावर ती बंद करायला विसरू नये.

जपानचं एक सांगितलं पाहिजे. इतका पुढारलेला देश, पण तिथल्या पुष्कळ बँकांच्या यंत्रांत परदेशी कार्ड चालत नसे. प्रवासी टोकियोत यंत्रामागून यंत्र पालथं घालीत. मग पोस्टाची यंत्रं आणि २००७ पासून सेव्हन-इलेव्हन दुकानांतली यंत्रं ही त्यांची हक्काची जागा झाली. अशी प्रत्येक देशाची एक खूण असते. आपण जातो आहोत तिथे कोणतं यंत्र परदेशी कार्डाला पावतं, हे तिथे राहणाऱ्या भाच्या-पुतण्याला आधी विचारून घ्यावं.

आता खर्चाचं. परदेशी यंत्रातून पैसे काढले की तीन ठिकाणी कात्री लागते. आपली बँक चलनबदलावर साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार लावते आणि त्या आकारावर जीएसटी. दर वेळी पैसे काढण्याचा ठरावीक आकार वेगळा. तो बहुधा शंभर-दीडशे रुपयांच्या घरात असतो. आणि तिसरा आकार त्या यंत्राच्या मालकाचा. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला दर वेळी दोनशे बाटांहून जास्त मोजावे लागतात. मग पाचशे बाट काढा की पंधरा हजार. त्यामुळे चिमणीसारखं थोडं थोडं काढणं महागात पडतं. गरजेपुरती मोठी रक्कम एकदम काढावी आणि दोघांत वाटून घ्यावी.

पण या तिन्ही कात्र्यांपेक्षा मोठी कात्री चौथी. ती दिसत नाही, उलट आपल्याला मदत करायला आल्यासारखी वाटते. पैसे काढताना यंत्र विचारतं: ‘ही रक्कम आपल्या खात्यातून भारतीय रुपयांत वजा करू का?’ खाली रुपयांतला आकडाही दिसतो. परक्या देशात आपल्या रुपयाचं नाव वाचून बरं वाटतं आणि बोट ‘हो’वर पडतं. तिथेच फसायला होतं. हिशेबासाठी एक युरो शंभर रुपयांचा धरू. दोनशे युरो म्हणजे वीस हजार रुपये. यंत्र मात्र आपल्या दराने एकवीस हजार आठशे दाखवू शकतं. ‘नाही’ म्हटलं तर व्यवहार युरोतच होतो. बँकेचे साडेतीन टक्के म्हणजे सातशे, त्यावरचा जीएसटी एकशे सव्वीस, मिळून वीस हजार आठशे सव्वीस. जवळजवळ हजार रुपये फक्त एका बटणाचे! वर काही बँका रुपयांत झालेल्या या व्यवहारावरही आपला वेगळा आकार लावतात, ते निराळंच. दुकानातलं कार्डयंत्रही हाच प्रश्न विचारतं, आणि कधी कधी काउंटरवरची मुलगी आपल्याला न विचारता रुपयांचं बटण दाबून मोकळी होते. तेव्हा ‘युरो’, ‘डॉलर’, ‘बाट’, जे काही तिथलं चलन असेल, त्याचं नाव स्पष्ट उच्चारावं. ‘नाही’ म्हटल्यावर यंत्र घाबरवणारा मजकूर दाखवतं, जणू व्यवहारच रद्द होणार. होत नाही. पैसे येतात.

शक्यतो बँकेच्या भिंतीतलं यंत्र, आणि बँक उघडी असताना वापरावं. यंत्राने कार्ड गिळलं तर आत जाऊन बोलता येतं. रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या, कोणत्याही बँकेचं नसलेल्या सुट्या यंत्रांचे दर बहुधा वाईट असतात.

क्रेडिट कार्डावर रोख काढता येते, पण तो अगदी शेवटचा उपाय समजावा. दुकानातल्या खरेदीला जशी महिना-दीड महिन्याची बिनव्याजी सवलत मिळते, तशी रोखीला मिळत नाही. पहिल्या दिवसापासून व्याज सुरू, आणि तेही महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरातलं. शिवाय काढण्याचा आकार वेगळा.

प्रवासाचं खास कार्ड

फॉरेक्स कार्ड म्हणजे आधीच डॉलर, युरो भरून ठेवलेलं कार्ड. भरलं त्या दिवशीचा दर कायम राहतो, त्यामुळे प्रवासात रुपया घसरला तरी धक्का बसत नाही. आपल्या बचत खात्याशी त्याचा संबंध नसतो. चोरीला गेलं तर फार तर कार्डातली रक्कम धोक्यात, घरची पुंजी नाही. याच कारणासाठी वयस्क प्रवाशांना ते सोयीचं. कार्ड घेताना ‘जोडीचं दुसरं कार्ड मिळेल का?’ हे जरूर विचारावं. पुष्कळ बँका ते देतात, आणि मग ते दुसरं कार्ड त्याच पाकिटात ठेवून फिरायला निघणारे महाभागही कमी नसतात!

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. डॉलर भरलेलं कार्ड स्वित्झर्लंडच्या फ्रँकसाठी वापरलं तर पुन्हा चलनबदलाचा आकार लागतो. तेव्हा जिथे जायचं तिथलंच चलन भरावं. आणि कार्डातले पैसे संपले तर ते पुन्हा भरणं शनिवारी-रविवारी अडू शकतं. न्यूयॉर्कमध्ये शुक्रवारची रात्र असते तेव्हा मुंबईत शनिवारची सकाळ उजाडलेली असते, हे गणित सहलीच्या नादात लक्षात येत नाही.

मोबाइलने पैसे देण्याची आपली यूपीआयही आता परदेशी पोहोचली आहे. भूतानमध्ये २०२१ मध्ये ती सुरू झाली. पुढे सिंगापूर, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्स अशी नावं जोडली गेली. पण ती सगळ्या दुकानांत नाही, आणि तिने नोटा हातात येत नाहीत. कौतुक करावं, भरवसा ठेवू नये.

मोबाइलची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. आज कार्डाचा कोणताही व्यवहार अडला की बँक भारतातल्या नंबरवर ओटीपी पाठवते. प्रवासी विमानतळावर उतरल्याबरोबर स्वस्तातलं तिथलं सिमकार्ड घालतो आणि आपलं सिम काढून कुठल्याशा डबीत टाकतो. मग ओटीपी जाणार कुठे? आपलं सिम चालू राहील, त्यावर निदान संदेश येतील, अशी व्यवस्था निघण्यापूर्वी करावी. बँकेकडे ईमेल नोंदवलेला असेल तर काही बँका तिथेही ओटीपी पाठवतात.

ते रोमचं जोडपं

आता तेर्मिनी स्टेशनवर परत जाऊ. बाईंच्या पर्समध्ये दोन युरो आहेत. पासपोर्ट सुदैवाने हॉटेलात आहेत. पुढे काय?

पहिलं काम कार्डं बंद करण्याचं. त्यासाठी बँकेचा परदेशातून लागणारा नंबर हवा. आपल्या इथले एक-आठ-शून्य-शून्यने सुरू होणारे फुकटचे नंबर तिकडून बहुधा लागत नाहीत. त्यासाठी प्लस एक्क्याण्णवने सुरू होणारा वेगळा नंबर असतो. तो कार्डाच्या मागे छापलेला असतो, आणि कार्ड तर गेलं! म्हणून हे नंबर एका कागदावर लिहून दोघांच्या सामानात ठेवायचे असतात. हॉटेलच्या काउंटरवरून फोन करता येतो. बँकेला दोन गोष्टी सांगाव्यात: कार्ड बंद करा, आणि तातडीची रोख मिळेल का ते पाहा. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांची अशी सोय आहे; बँकेने होकार दिला तर जवळच्या ठिकाणी पासपोर्ट दाखवून काही रक्कम मिळू शकते. पोलिसांत तक्रार करून तिची प्रत घ्यावी. विम्याच्या दाव्याला ती लागतेच.

दुसरा मार्ग नात्याचा. पुण्यातला मुलगा घाबरून म्हणेल, ‘बाबा, मी आत्ता वेस्टर्न युनियनने पाठवतो.’ पण ज्या योजनेतून आखातातली, अमेरिकेतली मुलं आपल्याकडे पैसे धाडतात, ती रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार फक्त देशात येणाऱ्या पैशांसाठी आहे. बाहेर पाठवायचे तर बँकेमार्फत, आणि तेही परदेशातल्या खात्यात. पर्यटकाचं तिथे खातं कुठलं? म्हणून मदतीला धावू शकतो तो मुलगा नव्हे, तर न्यू जर्सीतला पुतण्या किंवा लंडनमधली भाची. तिथून रोममध्ये रोख रक्कम काही मिनिटांत पोहोचू शकते. पाठवणाऱ्याला दहा आकडी क्रमांक मिळतो. तो आणि पासपोर्ट दाखवला की पैसे हातात.

इथे एक खास आपल्याकडची मेख आहे. नाव पासपोर्टावरच्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. आणि पुतण्या काकूला जन्मभर ‘बेबीकाकू’ म्हणून ओळखतो! पासपोर्टावर लग्नानंतरचं नाव, मधे यजमानांचं नाव, मग आडनाव; त्यातही इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त. खिडकीमागच्या माणसाला यातलं काही कळत नाही, नाव जुळत नाही एवढंच तो पाहतो. पासपोर्टाच्या पानाचा फोटो नातेवाइकांकडे आधीच पाठवून ठेवला तर ही धावपळ वाचते.

तिसरा आधार भारतीय वकिलातीचा. पासपोर्टही गेला असता तर घरी परतण्यासाठी तातडीचं प्रमाणपत्र तिथेच मिळालं असतं. संकटात सापडलेल्या भारतीयांसाठी २००९ पासून एक कल्याण निधीही आहे. पण तो खरोखर निराधार झालेल्यांसाठी, गरज तपासून दिला जातो. खरेदीचे पैसे गेले म्हणून वकिलात पैसे मोजून देईल अशा भ्रमात राहू नये.

आणि या सगळ्याच्या आधी मनात येतो तो प्रश्न: बाईंच्या पर्समध्ये एकच नाणं का होतं?

आपल्याकडे सहलीला निघताना पैसा सांभाळायचं काम यजमानांचं, आणि औषधं, खाऊ, स्वेटर सांभाळायचं काम बाईंचं, अशी वाटणी न सांगता होते. ‘तुला कशाला ते लोढणं? मी आहे ना बरोबर.’ यात प्रेमच असतं. पण पाकीट चोरीला जाणं हा एकच प्रसंग नसतो. यजमानांच्या छातीत दुखलं आणि त्यांना इस्पितळात न्यावं लागलं, तर टॅक्सीचे पैसे कोण देणार? ते ऑपरेशनच्या खोलीत असताना पिन कुणाला विचारायचा? गर्दीत दोघांची चुकामूक झाली, तर?

खातं दोघांच्या नावावर असेल तर बहुतेक बँका दोघांनाही वेगळं डेबिट कार्ड देतात. दोन्ही कार्डांचे नंबर वेगळे, त्यामुळे एक बंद केलं तरी दुसरं चालू राहतं. क्रेडिट कार्डाच्या जोडकार्डाचं मात्र बँकेला विचारून घ्यावं. मूळ कार्ड बंद झाल्यावर ते चालतं की नाही, याचे नियम सारखे नसतात. कार्ड मिळालं की बाईंनी ते घराजवळच्या यंत्रात स्वतः, एकटीने, चार-सहा वेळा चालवून पाहावं. पिन आपणच ठरवावा. परक्या देशात, मागे रांग लागलेली असताना, पहिल्यांदाच यंत्रासमोर उभं राहण्याची वेळ येऊ नये. तीन वेळा पिन चुकला की कार्ड अडकतं, आणि चुकतो तो घाईतच.

रोखीचीही तशीच वाटणी करावी. काही तुमच्याकडे, काही त्यांच्याकडे, काही हॉटेलच्या तिजोरीत. शंभर युरोची एक घडी तर अशा जागी असावी, की जिचा हिशेबातही उल्लेख नाही. आपल्या आज्या कनवटीला, डाळीच्या डब्यात पैसे ठेवत. त्यांना परदेशवारी घडली असती तर त्यांनी हे सगळ्यांना शिकवलं असतं. रोममधल्या त्या बाईंच्या स्वेटरच्या अस्तरात असे शंभर युरो असते, तर त्या संध्याकाळी दोघांनी टॅक्सी केली असती, हॉटेलात परतून गरम सूप घेतलं असतं, आणि मग शांतपणे फोनापाशी बसले असते.

परतल्यावर

उरलेल्या चलनाचं काय करायचं? दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात. नाण्यांना मर्यादा नाही. त्याहून जास्त असेल तर परतल्यापासून एकशे ऐंशी दिवसांत ते विकून टाकावं लागतं. तेव्हा ती जपून ठेवलेली पावती कामाला येते.

नाणी कुठलाच चेंजर परत घेत नाही. म्हणून शेवटच्या दिवशी, विमानतळावर कॉफीच्या बिलात नाणी आधी संपवावीत, कमी पडेल तेवढी नोट द्यावी. काही विमान कंपन्यांत युनिसेफसाठी पाकीट फिरवलं जातं. १९८७ पासून चालत आलेली ही सोय, त्यात कोणत्याही देशाचं नाणं टाकता येतं.

आणि घरी, कपाटातल्या त्या जुन्या डब्यात मागच्या लंडनवारीचे पौंड असतील तर ते एकदा काढून पाहावेत. कागदी पौंडांच्या जागी प्लास्टिकच्या नोटा आल्या. पाचाची कागदी नोट २०१७ मध्ये, दहाची २०१८ मध्ये आणि वीस व पन्नासची ३० सप्टेंबर २०२२ रोजी व्यवहारातून गेली. लंडनच्या टॅक्सीवाल्याला आता त्या देता येणार नाहीत. पण बँक ऑफ इंग्लंड त्या केव्हाही बदलून देते, मग त्या कितीही जुन्या असोत. यंदा कुणी तिकडे निघालं असेल तर त्याच्याबरोबर द्याव्यात.